वाळूवरची साय

रेवा, ईशान,

मागच्या सोमवारी फोनवर रेवानं विचारलं, "आजी, तुमच्याकडे पिण्याच्या पाण्यातलं बारीक प्लास्टिक काढतात का?" मी म्हटलं, "काढतात काही ठिकाणी," आणि विषय बदलला. तुमची शाळेची वेळ झाली होती, आणि जे सांगायचं ते घाईत सांगण्यासारखं नव्हतं. आज सकाळची कामं उरकून, टेबल पुसून बसले आहे. जिथं अडेल तिथं बाबांना विचारा.

या प्रश्नाचं उत्तर मला एका बाईच्या रूपानंच देता येतं. पद्मावती मगदूम. मी सांगलीच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवायचे, ती रसायनशास्त्र. बहिणींमध्ये थोरली म्हणून घरी तिला आक्का म्हणत. ते नाव तिच्यामागून कॉलेजात आलं आणि प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे तिला आक्काच म्हणू लागले. ती गेली त्याला आता वर्ष होऊन गेलं.

उंच, रुंद हाडाची, शेतकरी घरातली बाई. बारा महिने सुती साडी, पायात जाड चपला, आणि वर्गाबाहेर दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाईल असा आवाज. नम्रपणा तिच्या गावीही नव्हता. कुणी चुकीचं बोललं की ती तिथल्या तिथं दुरुस्त करायची, मग समोर पाहुणा असो की संस्थेचा अध्यक्ष. दिवस मावळायच्या आत जेवायचा तिचा नेम होता. संध्याकाळच्या सभेत प्राचार्य रंगात आलेले असले तरी ती खिडकीतून ऊन बघायची आणि उठायची. एकदा ते म्हणाले, "आक्का, पाच मिनिटं थांबा की." ती म्हणाली, "मी थांबते सर. सूर्याला तेवढं तुम्ही सांगा."

ती जैन होती, आणि तिच्या घरात पाणी गाळल्याशिवाय कुणी तोंडाला लावत नसे. आमच्या स्टाफरूममध्ये फिल्टर बसवला होता. त्याचंही पाणी ती गाळायची. पितळी तांब्यावर दुहेरी घडीचं जाड सुती कापड धरायचं, वरून सावकाश पाणी ओतायचं. लोकांना एवढंच दिसे. मला पुढचं बघायला आवडायचं. पाणी गाळून झालं की ती कापड उलटं करून थोड्या गाळलेल्या पाण्यात खळबळायची आणि ते पाणी घेऊन कॉलेजच्या मागच्या विहिरीवर जायची. कापडाला चिकटलेले डोळ्यांना न दिसणारे जीव मरू नयेत, ते जिथले तिथं परत जावेत, म्हणून. त्या पाण्याला जिवाणी म्हणतात. आणि ती जिवाणी वरून फेकायची नसते. तांब्या दोरीनं खाली सोडायचा, पाण्याला टेकवायचा, मग कलता करायचा. एवढ्या उंचावरून पडलं तर जिवांना लागेल.

भौतिकशास्त्राचे एक सर तिला नेहमी छेडायचे. "आक्का, नळाचं पाणी कृष्णेचं, आणि तुम्ही त्यांना सोडता विहिरीत. बिचारे घरी कसे जाणार? एस.टी.नं का रेल्वेनं?"

"चालत," आक्का म्हणाली. "तुमच्यासारखे आळशी नाहीत ते."

पण बोलणं तिच्या मनाला लागलं असावं. कारण त्यानंतर ती नळाच्या पाण्याची जिवाणी झाकणाच्या डब्यातून घरी न्यायला लागली आणि घाटावर जाऊन नदीत सोडायला लागली. जिथलं तिथं. यात तिला तडजोड चालत नसे.

नव्या विद्यार्थ्यांचा पहिला तास ती याच्यावरच घ्यायची. कापड धुतलेल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची आणि एकेकाला बोलवायची. थेंबात पारदर्शक जीव सुळसुळत असायचे. कुणी भेलकांडत चाललाय, कुणी नुसताच गरगरतोय. मुलं ओरडायची. आक्का म्हणायची, "हे तुमच्या आधीपासून इथं राहतात. पाहुणे तुम्ही आहात." इंग्रजीच्या वर्गातली मुलंही तो तास चोरून बघायला जात. मीही गेले आहे.

निवृत्त झाल्यावर तिनं कॉलेजनं भंगारात काढलेला एक सूक्ष्मदर्शक पैसे भरून घरी आणला. पती कधीच वारले होते, मुलगा बंगळूरला. रोज सकाळी ती आपल्या पाण्याकडे बघायची, जसं कुणी अंगणातल्या रोपांकडे बघतं. एके दिवशी तिनं मला बोलावून घेतलं. "मालती, हे बघ. हा कोण?"

मी डोळा लावला. जिवांच्या मध्ये एक निळा धागा होता. वळलेला, दोन्ही टोकांना सारखाच जाड.

"किडा?"

"किडा असता तर मी तुला कशाला विचारलं असतं?"

पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंच कापड धागे सोडतंय. म्हणून तिनं नवं कोरं हातमागाचं कापड आणलं, उकळून घेतलं. भांडी काचेची केली. घरातल्या खिडक्या बंद केल्या. मग माझ्याकडे वळली. मी त्या दिवशी चांगली साडी नेसून गेले होते, सिंथेटिक. ती म्हणाली, "तू बाहेर बस. तुझी साडी झडतीये." पुढं तीन-चार महिने मी तिच्याकडे गेले की व्हरांड्यात बसून चहा प्यायचे. आतून ती मोठ्यानं सांगायची, "लाल एक! निळे बरेच! एक सोनेरी तुकडा, वेफर्सच्या पाकिटाचा दिसतोय!"

धागा प्लास्टिकचा की कापसाचा, हे ओळखायला तापलेली सुई जवळ न्यायची असते. प्लास्टिक आकसतं, कापूस तसाच राहतो. पण सुईच्या धगीनं शेजारचे जीव मरतील म्हणून ती आधी तो धागा दुसऱ्या सुईनं ओढून कोरड्या काचेवर घ्यायची. एका धाग्याला तिला सगळी सकाळ पुरायची नाही. पण ते तिचं काम होतं आणि ती खुशीत होती, निदान तोवर.

हे प्लास्टिक येतं कुठून, यावर तिचं उत्तर साधं होतं. "सगळीकडून. तुझ्या साडीतून, उसातल्या ठिबकच्या नळ्यांतून, खताच्या पोत्यांतून, गाड्यांच्या टायरांतून. वर साताऱ्याच्या डोंगरात नदी स्वच्छ जन्मते, आणि आपल्यापर्यंत येता येता सगळ्यांचे कपडे धुते." यानं माणसाला काय होतं, असं विचारलं की ती म्हणायची, "ते अजून कुणालाच नीट सांगता येत नाही. आणि जे नीट सांगता येत नाही ते मुलांना पाजू नये."

मी साताऱ्याची. एकदा माझ्या माहेरी एका लग्नाला तिला घेऊन गेले होते. परतताना तिनं हट्टानं वाटेतल्या एका मोठ्या गावाचं जलशुद्धीकरण केंद्र बघायचं ठरवलं. तिथला तरुण अभियंता तिच्याच एका विद्यार्थ्याचा मित्र निघाला. त्यानं हौसेनं सगळं दाखवलं. नदीचं पाणी येतं, त्यात तुरटी मिसळतात, गढूळपणाचे गोळे होऊन तळाला बसतात, वरचं पाणी वाळूतून जातं. आक्का खूश झाली. "बरंचसं प्लास्टिकही यातच अडकतं, माहीत आहे का तुला? तुरटीच्या गोळ्याला चिकटतं, उरलेलं वाळूत अडतं. अगदी बारीक तेवढं सुटतं." त्याला माहीत नव्हतं. त्यालाही आनंद झाला.

मग तिनं विचारलं, "आणि वाळू धुता त्याचं पाणी?"

"ते सोडतो की मॅडम."

"कुठं?"

त्यानं भिंतीपलीकडे हात केला. पलीकडे नदी होती.

"म्हणजे काढलेलं परत तिलाच? आणि खालच्या गावानं काय करायचं?"

तो हसला. "खाली पण फिल्टर हाय की मॅडम. ते पण काढत्यात."

"आणि त्यांच्या खालचे?"

"ते पण!"

 सांगलीला गाडीतून उतरताना ती म्हणाली, "मालती, हे काढणं नव्हे. हा खो-खो आहे."

आक्काचं माहेर कृष्णेच्या काठी आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून तिथं राहतात. गावाच्या वरच्या अंगाला फार जुना वाळूचा हौद होता. त्यात नदीचं पाणी सोडलं की ते वाळूतून थेंब थेंब झिरपत खाली उतरतं. नवी नळयोजना आल्यावर तो बंद पडला होता आणि पोरं त्यात क्रिकेट खेळायची. आक्कानं तो दुरुस्त करायचं मनावर घेतलं. तिचे थोरले भाऊ, त्यांना सगळं गाव दादा म्हणतं, गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष होते. दोघांची जोडी बघण्यासारखी होती. ती मोठ्यानं बोलायची, ते अगदी हळू. आई लवकर गेल्यावर दादांनीच तिला शिकवलं, सायकलवर बसवून मिरजेच्या शाळेत सोडलं. ती त्यांना एकदाही उलटून बोललेली मी ऐकली नव्हती.

असा हौद कसा काम करतो ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वाळू जाळीसारखी अडवते ते थोडंच. काही आठवड्यांनी वाळूच्या वर एक बुळबुळीत, तपकिरी-हिरवा थर धरतो. तो जिवंत असतो. लाखो सूक्ष्म जीव एकमेकांना धरून राहतात आणि वरून येणारी घाण पकडून ठेवतात, तिच्यावर जगतात. खरं गाळणं ते. आक्का त्याला साय म्हणायची, मग गावही साय म्हणू लागलं. "आपण जीव गाळतो," ती दादांना म्हणाली, "इथं जीव आपल्यासाठी पाणी गाळतात." दादांचे डोळे भरून आले होते. त्या घरातल्या माणसांना यापेक्षा सुंदर यंत्र कुणी दाखवू शकलं नसतं.

पाणी सुरू झालं तेव्हा तिनं हौदाच्या वरचं आणि खालचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली शाळेच्या मुलांना दाखवलं. वर धागेच धागे, खाली क्वचित एखादा. सरपंचांनी माइकवर "शंभर टक्के शुद्ध" असं म्हटल्याबरोबर ती खालून ओरडली, "शंभर नाही! सगळं निघतं म्हणणाऱ्याकडून कधी काही विकत घेऊ नका!" ग्रामपंचायतीचा माणूस शेवटच्या टाकीत टीसीएलची पावडर टाकायला आला की ती मात्र पाठ करून उभी राहायची. त्या पावडरीनं उरलेसुरले जंतू मरतात. ते आवश्यक आहे हे तीच सगळ्यांना सांगायची, आणि बघायची नाही.

काही महिन्यांनी साय इतकी जाड होते की पाणी उतरेनासं होतं. मग हौद रिकामा करून ती खरवडून काढावी लागते. पहिल्या वेळी मी मुद्दाम गेले होते. सकाळचं कोवळं ऊन होतं. गावातल्या बायका, पुरुष सगळे आले. साय खरवडून पाण्यानं भरलेल्या पितळी घागरींत ठेवली. कुणी कुणाला काही शिकवायची गरज नव्हती. सगळे घाटावर गेले, गुडघाभर पाण्यात उतरले, घागरी पाण्याला टेकवल्या आणि हळूच कलत्या केल्या. कुणी वरून ओतलं नाही. म्हाताऱ्या बायका हात जोडून उभ्या होत्या. आक्का सगळ्यांच्या पुढे, ओल्या साडीत, मुलीसारखी हसत होती. दादा मला म्हणाले, "अख्ख्या गावाची जिवाणी एकदम सोडली. आमच्या जन्मात बघितलं न्हवतं."

मलाही ते फार सुंदर वाटलं. त्या अभियंत्याचं आणि त्याच्या भिंतीपलीकडच्या नदीचं आमच्यापैकी कुणालाही काही आठवलं नाही. आक्कालासुद्धा नाही.

आठवण करून द्यायला सुजाता आली. सुजाता कांबळे आम्हा दोघींची विद्यार्थिनी, खालच्या गावातल्या शाळेची मुख्याध्यापिका. अतिशय सरळ मुलगी. आक्काच्या घरी आली, पाया पडली, आणि पिशवीतून दोन काचेच्या बाटल्या काढल्या.

"मॅडम, तुमचाच प्रयोग मी शाळेत करते. दर आठवड्याला मुलं घाटावरचं पाणी बघतात. हे नेहमीचं. आणि हे गेल्या सोमवारचं. बघा तुम्हीच."

आक्कानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"रविवारी तुमच्या गावात काय होतं, मॅडम?"

आक्का भिंगाशीच वाकून राहिली. शेवटी मीच सांगितलं, साय सोडली म्हणून.

सुजातानं पिशवीची घडी घातली. मग म्हणाली, "माझी आज्जी सांगायची. तुमचा घाट वरच्या अंगाला, आमचा खालच्या. तुमचं सगळं झालं की मग आमचं पाणी. तेव्हा ते ठरवून होतं. आता कुणी ठरवून करत नाही, ते मला कळतंय. तुम्ही तर जीव वाचवायला केलंत. पण मॅडम, आमच्या घाटावर काय येतंय ते तुम्ही बघितलंत."

"तू चहा घेणार का?" आक्कानं विचारलं. तिचा आवाज मी इतका हळू कधी ऐकला नव्हता.

"घेईन की. रागावून नाही आले मी."

तिला निरोप देऊन आक्का आत गेली आणि तिनं बघायला ठेवून घेतलेल्या सायीचा एक तुकडा काचेवर घेतला. आठवडाभर ती त्याच कामाला बसली होती. धागे वेगळे काढायचे आणि जीव वेगळे ठेवायचे. जीव परत नदीला, धागे डब्यात. पण सायीतल्या जिवांनी धाग्यांनाच घरं केली होती. त्यांच्याभोवती चिकटून, गुंडाळून, अंडी घालून ते बसले होते. धागा ओढला की जीव फाटायचा. जीव सोडवायला गेलं की धागा तुटून आणखी बारीक व्हायचा. आठव्या दिवशी मी गेले तेव्हा तिनं सुया पुसून पेटीत ठेवल्या होत्या.

"होत नाही," ती म्हणाली. "एकतर दोन्ही नदीला द्यायचे, नाहीतर दोन्ही ठेवून घ्यायचे."

"ठेवून घ्यायचे म्हणजे?"

"उन्हात वाळवायचे. वाळले की पक्क्या खड्ड्यात, झाकून."

वाळवायचे म्हणजे काय ते आम्हा दोघींना समजत होतं.

तिनं ते गावच्या बैठकीत सांगितलं. देवळाच्या सभामंडपात, दुपारी. ती काय बोलली ते लिहीत नाही, ती नीट बोलली नाही. दोनदा वाक्य अर्धवट सोडलं. लोक एकमेकांकडे बघत होते. एक म्हातारा म्हणाला, "आवं आक्का, लाखानं जीव हाईत म्हणून तुमीच सांगितलं न्हवं? आन् तुमीच उन्हात घालणार?"

"व्हय," ती म्हणाली.

"खालच्या गावाला पण हौद बांधून द्या की मग! ते पण गाळून घेतील."

"आणि त्यांची साय? ती कुठं जाईल, काका?"

मग दादा उठले. ते तिच्याकडे न बघता बोलले. "पद्मे, आई पाणी गाळायची तवा तू तिचा पदर धरून उभी असायचीस. कशासाठी गाळायची ती? आपल्या तोंडी जीव जाऊ नये म्हणून. आपलं पोट साफ ऱ्हावं म्हणून न्हवं. तू सगळं उलटं करालीस."

"दादा, सुजाताच्या शाळेतली पोरं पण जीवच हाईत."

"ती पोरं हाईत, मला दिसत्यात. ही दिसत न्हाईत, म्हणून मारायची?"

 ती एवढंच म्हणाली, "पाप माझ्या नावावर घ्या."

"पाप असं नावावर घेता येत न्हाई," दादा म्हणाले. त्यांनी समितीचा राजीनामा दिला. हौद बंद करा असं मात्र म्हणाले नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांनी हौदाचं पाणी सोडलं. आपल्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी आणून, गाळून पिऊ लागले. आक्का माहेरी गेली आणि तिनं सवयीनं त्यांच्यापुढे तांब्या ठेवला, तर त्यांनी तो हात न लावता तसाच राहू दिला. बोलणंही बंद झालं. सायकलवरून तिला शाळेत सोडणारा माणूस तो. ती मला हे सांगताना रडली नाही. म्हणाली, "बरोबर आहे त्याचं. माझंही बरोबर आहे. दोन्ही बरोबर असलं की माणसं सुटतात एकमेकांपासून."

हौदाशेजारी सिमेंटचा एक उथळ वाफा बांधला. दर खेपेला साय खरवडून त्यात पसरायची. गावातली तरुण मुलं खरवडायला यायची, पसरून झालं की निघून जायची. वाळत असताना तिथं थांबायला कुणी तयार नसे. म्हणून ती थांबायची. सांगलीहून पहिल्या गाडीनं यायची, वाफ्याच्या कडेला बसायची, आणि साय पूर्ण वाळेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मला कळलं ते मिरजेच्या डॉक्टरांकडून. तिच्या मूत्रपिंडांवर ताण आला होता. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, तुम्ही समजावा त्यांना. या वयात कोरडे उपास चालणार नाहीत." मी समजावलं. रागावले, भांडले. ती म्हणाली, "ते पाण्यावाचून मरतात, मालती. मी निदान तहान तरी त्यांच्याबरोबर काढते. मरत तर नाही ना?"

"मरशील अशानं."

"बघू."

ती गेल्यानंतर त्या हौदाचं काय झालं, तेही इथंच लिहून टाकते. साय उन्हात घालायला पुढं कुणी झालं नाही. नदीत सोडायलाही कुणी धजलं नाही, इतकं तिचं म्हणणं त्यांच्या मनात राहिलं होतं. हौद बंद पडला. ग्रामपंचायतीनं चौकात यंत्र बसवलं आहे. नाणं टाकलं की थंडगार स्वच्छ पाणी येतं. यंत्र जे पाणी नको म्हणून टाकतं ते गटारात जातं, गटार ओढ्यात, ओढा नदीत. सुजाता अजून दर आठवड्याला बाटली भरते. परवा भेटली तेव्हा मी विचारलं, काय म्हणतंय पाणी? ती म्हणाली, "येतंय मॅडम. येतच आहे." रेवा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे. काढता येतं. काढलेलं ठेवायचं कुठं, ते ओझं कुणाला उचलून घ्यायचं नसतं.

आता तिला शेवटचं पाहिलं ते.

वैशाखातली दुपार. तब्येत बरी नसतानाही ती गावी गेल्याचं कळलं, म्हणून मी रिक्षा करून पोचले. हौदाकडे वळायच्या वाटेवर दादा उभे होते, लिंबाखाली. हातात पितळी तांब्या, त्यावर ओलं सुती कापड झाकलेलं. मला बघून दोन पावलं पुढं आले. फार थकले होते.

"कालपास्नं बसलीया," ते म्हणाले. "आभाळ आलंय, साय वाळंना. बाई, एवढं पाणी तिला द्या. मी गाळलंय. माझ्या हातानं."

"तुम्हीच चला ना दादा. तुमचं ऐकेल ती."

त्यांनी मान हलवली. वाफ्याकडे बोट केलं. "तिथं मला येववत न्हाई. लय जीव हाईत तिथं."

मी तांब्या घेतला. आक्का वाफ्याच्या कठड्याला टेकून बसली होती. डोक्यावरून पदर, ओठांना भेगा पडलेल्या. समोर तपकिरी थर पसरलेला होता. कडेनं तो वाळून भेगाळला होता, त्याच्या पापुद्र्यांतून निळे-लाल तंतू केसांसारखे वर आले होते. मध्ये मात्र अजून चकाकत होता.

"हे दादांनी दिलंय," मी म्हटलं. "त्यांनी स्वतः गाळलंय. तुझ्यासाठी."

तिनं तांब्याकडे बघितलं. मग वाटेकडे, लिंबाखाली ते उभे होते तिकडे. कितीतरी वेळ बघितलं. तिचा हात उचलला गेला आणि तांब्याच्या काठापर्यंत आला.  मला वाटलं, घेतला.

मग तिनं तोच हात खाली नेला, वाकली, आणि वाफ्याच्या मधोमध बोट टेकवून पाहिलं.

"अजून ओलं आहे," ती म्हणाली.